थोरली, धाकटी आणि वडिलांचं घर : जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतली भावंडं

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात माहेरी जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून आले. भांडण नाही, तंटा नाही, सगळं हसतखेळत. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात अंगठा दिला, कॅमेऱ्यात बघून फोटो काढला, बाहेर टपरीवर चहा झाला, घरी आल्यावर वहिनीने ओटी भरली आणि साडी दिली. परतताना गाडीत वाचायला म्हणून पर्समध्ये जेन ऑस्टिनची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' होती, १८११ सालची कादंबरी, कॉलेजात वाचली होती तेव्हा त्यातली प्रेमप्रकरणंच तेवढी लक्षात राहिली होती. यावेळी दुसऱ्या प्रकरणावरच अडकले आणि पुण्यापर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाचत आले.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते. म्हातारे डॅशवुड मरताना मुलाला, म्हणजे जॉनला, सांगून जातात की सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणींकडे बघ. जॉन मनाने वाईट नाही हो, तो ठरवतो प्रत्येकीला हजार पौंड द्यायचे, एकूण तीन हजार. मग बायको फॅनी सुरू करते. आपल्या हॅरीच्या तोंडचा घास का काढायचा? बरं, मग पाचशे पाचशे. तेही जास्तच, त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर देऊ. पण ती बाई धडधाकट, चाळिशीचीही नाही, आणि वर्षासन मिळणारी माणसं कधी मरतच नाहीत! मग अधूनमधून पन्नास. आणि शेवटी काय ठरतं तर घर शोधायला मदत, सामान हलवायला मदत, आणि हंगामात थोडे मासे आणि शिकार पाठवायची. त्यावर फॅनी म्हणते कशी, चहाचे कप मात्र त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगले गेले.

माझा भाऊ दर मे महिन्यात आंब्याची पेटी पाठवतो. न चुकता. मला तो जॉन डॅशवुडच दिसायला लागला आणि त्याचं मलाच फार वाईट वाटलं, कारण माझा भाऊ खरंच चांगला आहे.

तर माझं म्हणणं असं आहे की त्या शतकातल्या कादंबऱ्यांत बहीणभावंडांची, विशेषतः बहिणीबहिणींची जी चढाओढ, हेवेदावे आपण स्वभाव म्हणून वाचतो ते बहुतेक वेळा स्वभाव नसतातच. घर एकाला मिळणार आणि बाकीच्यांना लग्न हाच एक रस्ता, मग त्या रस्त्यावर बहिणी एकमेकींना धक्के देणारच. तुम्हाला काय वाटतं? अजून कुठल्या पुस्तकांत असं दिसतं?

पेठकर

धागा चांगला आहे ताई पण भावाला उगीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. आईवडिलांची आजारपणं, घरपट्टी, गळकं छप्पर, गणपती, पाहुणे हे सगळं कोण बघतं? मी स्वतः बघतो म्हणून सांगतोय.

सांजवात

रानजाई, ते प्रकरण मी एम. ए.च्या मुलींना शिकवते. दरवर्षी वर्गात हशा पिकतो आणि मग एकदम शांतता होते, ती शांतता मला फार ओळखीची आहे.

तुमच्या मुद्द्याला ऑस्टिनच्याच 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधून पुरावा देते. बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, म्हणजे खाऊनपिऊन सुखी, पण इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाणार असं बांधून ठेवलेलं, त्यामुळे बापाने डोळे मिटले की घर कॉलिन्स नावाच्या लांबच्या नातेवाइकाचं. पाच मुलींच्या आणि आईच्या नावाने मिळून पाच हजार पौंड, म्हणजे भाग करायचा झाला तर एकेकीच्या वाट्याला हजार. आणि हे कॉलिन्स लग्नाची मागणी घालताना दुसऱ्या मुलीला, एलिझाबेथला, तोंडावर ऐकवतो! तरी ती नाही म्हणते. आता हे सगळे आकडे डोक्यात ठेवून धाकट्या लिडियाचा प्रसंग वाचा. सोळाव्या वर्षी पळून जाते, कसंबसं पैसे चारून लग्न लावलं जातं, आणि माहेरी आल्या आल्या ती जेवणाच्या टेबलाशी आईच्या उजव्या हाताला थोरल्या जेनची जागा घेते, म्हणते मी आता लग्न झालेली, तू खाली बस. सगळं घर तिच्यामुळे तोंड लपवत फिरत होतं, पण नियमाप्रमाणे बरोबर तीच! जेन गुपचूप सरकते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा लिडियाचा राग आला होता. आता त्या खुर्चीचा येतो.

नागपुरीसंत्रं

बाप्पा! आमच्याकडे पंगतीत जावई कुठे बसला यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं, हे तर काहीच नाही :)

कृष्णाकाठ

रानजाई, मुद्दा पटतो पण पूर्ण नाही. त्याच घरात जेन आणि एलिझाबेथ आहेत की. तोच बाप, तीच बांधलेली इस्टेट, तेच हजार पौंड, आणि दोघी एकमेकींसाठी जीव टाकतात. सगळं पैशामुळेच होत असतं तर या दोघी कशा वाचल्या? स्वभाव म्हणून काही असतो की नाही?

आणि उलट उदाहरण हवं असेल तर ऑस्टिनच्याच 'पर्स्वेजन' मधली मेरी घ्या. तीन बहिणींत हिचंच एकटीचं लग्न झालंय, नवऱ्याचं घर भरलेलं, पुढे मोठा वाडा मिळणार, दोन मुलगे. तरी कायम हिचा घसा दुखतोय, कायम हिला कोणी विचारत नाही, आणि सासूच्या आधी दारातून आपण बाहेर पडायचं कारण आपण सरदाराची मुलगी. हिला काय कमी होतं हो?

सांजवात

कृष्णाकाठ, मेरीचं तुम्ही अर्धंच सांगितलंत :) तिच्या नवऱ्याने आधी मधल्या ॲनला मागणी घातली होती, ॲन नाही म्हणाली म्हणून मेरी. अख्खं गाव हे जाणतं, सासूसासऱ्यांनाही ॲनच आवडली असती. हे रोज उशाशी घेऊन झोपायचं म्हणजे घसा दुखणारच.

आणि शेवट आठवतोय? ॲनचं सत्ताविसाव्या वर्षी कॅप्टन वेंटवर्थशी जमतं तेव्हा मेरीला आनंद होतो पण लगेच मनात हिशोब सुरू. ॲन थोरली म्हणून पुन्हा आपल्या आधी चालणार, तिच्याकडे सुंदर छोटी घोडागाडी येणार. मग समाधान कशात, तर ॲनला जमीनजुमला नाही, आणि तिच्या नवऱ्याला सरदारकी मिळाली नाही म्हणजे झालं, मग मी तिच्याशी जागा बदलणार नाही. ज्या मुलीला जन्मभर शिकवलं की तुझी किंमत म्हणजे तुझा पंगतीतला नंबर, ती सख्ख्या बहिणीच्या लग्नातही नंबरच मोजणार.

कोकणकडा

सासूच्या आधी दारातून बाहेर पडायचं हा काय प्रकार आहे? खरंच असं होतं?

सांजवात

हो, जेवायच्या दालनात जाताना, तिथून बाहेर पडताना मानाचा क्रम ठरलेला. लग्न झालेली कुमारिकेच्या आधी, वरच्या घराण्यातली खालच्याच्या आधी. 'पर्स्वेजन' मधली थोरली एलिझाबेथ एकोणतीस वर्षांची आहे, आई गेल्यापासून तेरा वर्षं बापाचं घर चालवतेय, दर हिवाळ्यात नाचाला पहिली तीच उभी राहते. आणि बापाचं ते सरदार घराण्यांचं पुस्तक असतं ना, त्यात तिच्या नावापुढे जन्मतारीख आहे पण लग्नाची तारीख नाही, आणि खाली धाकटीच्या लग्नाची आहे. एलिझाबेथने ते पुस्तक कितीदा तरी उघडं दिसल्यावर नजर वळवून मिटवून सरकवून ठेवलंय. माझ्या मते सगळ्या कादंबरीत तिच्याबद्दल कणव वाटावी अशी ही एवढीच जागा आहे, पण ती जबरदस्त आहे.

मधुमालती

आईगं. माझी थोरली मावशी. लग्न नाही झालं तिचं. घरातल्या लग्नपत्रिका यायच्या तेव्हा ती आधी सगळ्यांना वाचून दाखवायची आणि मग खाली तोंड करून ड्रॉवरमध्ये ठेवायची. मला आत्ता कळलं ती तशी का ठेवायची.

अनुस्वार

धाकटीच्या लग्नावरून आठवलं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मधली लेडी कॅथरीन, कॉलिन्सची श्रीमंत आश्रयदाती, एलिझाबेथ बेनेटला विचारते की धाकट्या बहिणीही समारंभांना येतात का, आणि हो म्हटल्यावर किंचाळते, पाचही जणी एकदम? थोरल्या उजवायच्या आधी धाकट्या? यावर एलिझाबेथचं उत्तर बघा, की थोरलीला लवकर लग्न करायला जमलं नाही किंवा इच्छा नसली म्हणून धाकट्यांनी आपल्या वाट्याची मौज का सोडायची, आणि असं अडवून ठेवल्याने बहिणींमध्ये माया वाढेल असं मला वाटत नाही. रानजाई, तुमचा आख्खा धागा लेखिकेने दोन वाक्यांत बसवलाय!

आपल्याकडेही थोरल्याच्या आधी धाकट्याने लग्न केलं तर त्याला परिवेत्ता म्हणून धर्मशास्त्रात दोष होताच, शब्दच तयार करून ठेवला होता.

आणि एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस! ती कॉलिन्सला हो म्हणते तेव्हा घरात काय होतं? धाकट्या बहिणींना आनंद की आता आपल्याला वर्षदोन वर्षं आधी समारंभांत जायला मिळेल, आणि भावांना हायसं की ताई आता म्हातारी कुमारिका म्हणून आपल्या गळ्यात पडणार नाही. सत्तावीस वर्षांची मुलगी त्या कॉलिन्सच्या पदरात पडली आणि सख्खी भावंडं सुटल्याचा श्वास सोडतायत. कोणीच वाईट नाही यात. म्हणूनच अंगावर येतं.

कृष्णाकाठ

शार्लटचं मान्य. जेन आणि एलिझाबेथचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

रानजाई

कृष्णाकाठ, मी त्यावर विचार करतेय, खरंच. सुचलं की लिहिते.

पेठकरदादा, तुमच्यावर रोख नव्हता. आईचं शेवटचं आजारपण भावाने आणि वहिनीनेच काढलं, मी रजा काढून आठ आठ दिवस जात होते पण रात्रीची उठबस त्यांनीच केली, हे मी विसरलेली नाही. पण एक सांगते. ते केल्याबद्दल मला कोणी म्हणालं असतं की म्हणून घर त्याला जास्त जाऊदे, तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. तसं कोणी म्हटलंच नाही. तू मुलगी, तुझं घर तिकडे, एवढंच गृहीत होतं.

ओव्हरसीजवाली

मी इंग्लंडात राहते, हॅम्पशर इथून दीडेक तासावर, गेल्या वर्षी चॉटनला जेन ऑस्टिन राहायची ते घर बघून आले. जेवणाच्या खोलीत खिडकीशी तिचं लिहायचं टेबल आहे, अक्रोडाच्या लाकडाचं, बाराकोनी, आणि इतकं लहान की आपल्याकडचा पाट थोडा मोठा असेल. मी तिथे बराच वेळ उभी होते.

पण सांगायचंय ते वेगळंच. ते घर तिचं नव्हतं. वडील १८०५ साली गेले आणि आई नि दोन मुली भावांनी वर्गणी काढून दिलेल्या पैशांवर या गावातून त्या गावात राहत होत्या. तिचा एक भाऊ एडवर्ड श्रीमंत नातेवाइकांना दत्तक गेला होता, त्याच्या इस्टेटीतलं हे घर त्याने १८०९ मध्ये त्यांना राहायला दिलं. तिथे आल्यावर तिचं लिखाण छापून यायला लागलं. म्हणजे सहाही कादंबऱ्या वाचायला मिळाल्या त्या एका भावाने घर दिलं म्हणून, आणि तिने पहिल्या छापलेल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच बहिणींना घराबाहेर काढणारा भाऊ घातला! आणि १८०२ साली तिला एका चांगल्या इस्टेटवाल्याने मागणी घातली होती, संध्याकाळी हो म्हणाली, सकाळी नाही म्हणून सांगून निघून आली. हो म्हटलं असतं तर आई आणि बहीण दोघींची सोय झाली असती. रात्रभर काय चाललं असेल तिच्या डोक्यात.

पेठकर

म्हणजे एडवर्ड चांगलाच निघाला की. भाऊ सगळे जॉन नसतात हेच म्हणतोय मी.

ओव्हरसीजवाली

हो दादा, चांगला होता. पण वडील गेले तेव्हा त्याच्याकडे मोठाल्या इस्टेटी होत्या आणि घर द्यायला चार वर्षं गेली. मिळणं त्याच्या मनावर होतं, मला तेवढंच टोचतं.

रेवदंडा

इथे सगळे ऑस्टिनवर थांबलेत. जॉर्ज इलियटची 'द मिल ऑन द फ्लॉस' (१८६०) कोणीच कशी काढली नाही? बहीणभावाची एवढी खोल कादंबरी मी दुसरी वाचलेली नाही.

मॅगी हुशार, काळीसावळी, केस आवरत नाहीत म्हणून आई वैतागलेली. एकदा सगळ्या मावश्या जमलेल्या असताना ती वर जाऊन कात्रीने केस कापून टाकते, भाऊ टॉम आधी हसतो आणि मग ती रडत बसते. बाप म्हणतो ही मुलगा असायला हवी होती. पण शिकायला पाठवतात टॉमला, ज्याला लॅटिनही येत नाही आणि भूमितीही नाही. मॅगी त्याला भेटायला जाते, पुस्तकं चाळते, तिला पटापट कळतं, आणि मास्तर सांगतात की मुलींना सगळं थोडं थोडं पटकन येतं पण खोल काही जात नाही. इतका वेळ खुललेली ती पोरगी तिथल्या तिथे विझते, आणि टॉम खूश! बिचाऱ्याला त्या घरात पहिल्यांदाच कशात तरी बहिणीपेक्षा वरचढ ठरवलेलं असतं. चढाओढ त्यांनी लावली नव्हती, मास्तरांनी लावली.

आणि लेखिकेचं स्वतःचं. खरं नाव मेरी ॲन इव्हान्स, भाऊ आयझॅक, लहानपणी त्याच्या मागे मागे फिरायची. जॉर्ज लुइस या लेखकाबरोबर ती राहायला लागली, त्याला पहिल्या बायकोपासून घटस्फोट मिळू शकत नव्हता, त्यामुळे लग्न नाही. हे १८५७ मध्ये तिने भावाला कळवलं आणि आयझॅकने बोलणं टाकलं. वीस वर्षांहून जास्त! लुइस गेल्यावर १८८० साली तिने रीतसर लग्न केलं तेव्हा कुठे त्याचं अभिनंदनाचं पत्र आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ती गेली. कादंबरीत शेवटी पुरात बहीणभाऊ एकमेकांना मिठी मारून बुडतात. लोक म्हणतात शेवट ओढूनताणून आणलाय. असेल. पण भाऊ बोलत नसताना तीन वर्षांनी जिने हे लिहिलं तिला तो शेवट हवा होता, मी त्याला नावं ठेवणार नाही.

कोकणकडा

दंडवत. वाचनखूण साठवली.

मधुमालती

त्यातच ती कपाटाची खोली आहे ना? आईची?

रेवदंडा

हो हो! बरं झालं आठवण केलीत. मॅगीचा बाप टलिव्हर दिवाळखोर होतो, घरात जप्तीची माणसं बसलेली, आणि आई कुठे सापडते तर कोठीच्या खोलीत, कपाटं उघडून, चांदीची किटली नि टेबलावर घालायच्या चादरी पुढ्यात घेऊन रडतेय. त्या चादरींचं सूत तिने लग्नाआधी स्वतः कातलेलं, कोपऱ्यावर तिचं माहेरचं नाव, एलिझाबेथ डॉडसन. ती म्हणते ही माझ्या नावाची वस्तू परक्या घरी जाणार. मग तिच्या तिन्ही श्रीमंत बहिणी येतात, कोणती चादर कोण विकत घेणार ते ठरवतात, पण कर्जाला हातभार लावत नाहीत. लहानपणापासून त्यांची स्पर्धा चादरींची, लेसची, टोप्यांची, आणि आता एक हरली तर बाकीच्या तिच्या चादरींत हात घालून बसल्यात. मॅगी उसळते, मदत करायची नसेल तर येताच कशाला म्हणते.

कायद्याने त्या चादरीही नवऱ्याच्याच होत्या म्हणून तर जप्तीत गेल्या. बायकांना लग्नानंतर स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवायचा हक्क तिथे १८७० च्या कायद्याने आला, बाकी मालमत्तेचा १८८२ मध्ये.

मधुमालती

भांड्यांवर नाव! आमच्या घरी पितळी डब्यांवर, तांब्यांवर टिकटिक करून आईचं नाव घातलेलं, "सौ. ... हिस आईवडिलांकडून", आणि तारीख. स्टीलच्या वाटीवर सुद्धा. लहानपणी वाटायचं हरवू नये म्हणून घालतात.

कृष्णाकाठ

आपल्याकडे निदान स्त्रीधन तरी होतं. दागिने, भांडी बाईचीच, नवऱ्याच्या कर्जात जायची नाहीत. त्या बाबतीत आपण इंग्रजांच्या पुढे होतो म्हणायला हरकत नाही.

सांजवात

शास्त्रात होतं, खरंय. पण जमीन आणि घर? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आला, त्यातही आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, आणि देशभर २००५ मध्ये आला. आणि स्त्रीधन म्हणाल तर त्याच काळातली ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' काढून बसा, १८९० पासून 'करमणूक' मध्ये क्रमशः येत होती, यमूच्या तोंडून सांगितलेली. नवरा गेल्यावर त्या मुलीचे स्वतःच्या डोक्यावरचे केसही तिचे राहत नाहीत, तिथे दागिन्यांचं काय घेऊन बसलात.

त्यात बहीणभावाचं नातं मात्र फार लोभस आहे, यमू आणि तिचा दादा. मॅगी आणि टॉमच्या शेजारी ठेवून वाचायला हवं. यमूचा दादा शिकतो आणि शिकल्यामुळे बहिणीकडे वळतो, टॉम शिकतो आणि बहिणीपासून दूर जातो. हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचलं, वर्गात घेईन.

नागपुरीसंत्रं

आणि 'चौघीजणी'? शांता शेळक्यांनी अनुवाद केलेली 'लिटल विमेन', चार बहिणींची. मी सातवीत वाचली आणि ॲमीचा जो राग डोक्यात बसला तो अजून आहे. ज्योने नाटकाला नेलं नाही म्हणून तिची वही जाळून टाकते ती! लिहिलेली वही! त्याला पैशाचं कारण कसं लावणार रानजाई, तो निव्वळ दुष्टपणा न.

मधुमालती

मी ॲमीच्या बाजूने. ती बारा वर्षांची होती आणि मी तिसरी मुलगी आहे, मला माहितीये नाटकाला कोण नेत नाही ते.

नागपुरीसंत्रं

वही जाळायची?

मधुमालती

नाही, वही नाही जाळायची. ते मान्य.

अनुस्वार

पण पुढचं बघा की, युरोपला काकूबरोबर कोण जातं? ज्यो वर्षानुवर्षं वाट बघतेय, पण जाते ॲमी. का, तर ज्यो फटकळ बोलते आणि ॲमी गोड वागते. श्रीमंत काकूच्या मर्जीवर एकीलाच जाता येणार म्हटलं की झालंच. आणि लेखिकेला, लुइसा अल्कॉटला, पहिला भाग १८६८ मध्ये आल्यावर वाचक मुली पत्रं पाठवायच्या की चौघींची लग्नं कोणाशी होणार, तेवढंच विचारायच्या. तिने ठरवलं की कोणाच्या समाधानासाठी ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशी लावणार नाही, आणि नाहीच लावलं. ती स्वतः अविवाहित राहिली, पुस्तकांच्या कमाईवर घर चालवलं. ॲमी जिच्यावरून घेतली ती धाकटी बहीण मे, चित्रकार, तिला शिकायला युरोपला लुइसानेच पैसे दिले. मे १८७९ मध्ये बाळंतपणानंतर गेली आणि तिची तान्ही मुलगी लुइसाने सांभाळली. पुस्तकातल्या ज्योच्या हातात पैसे नव्हते, लिहिणारीच्या हातात होते, आणि तिने धाकटीला पाठवलं.

रानजाई

अनुस्वार, हे वाचून थांबलेच.

कृष्णाकाठ, जेन आणि एलिझाबेथचं मला आता जरा सुचतंय. तुमचं बरोबर आहे, स्वभाव असतोच, मी सुरुवातीला सरसकट बोलले. पण एक बघा, दोघींना एकच मुलगा कधी आवडलेला नाही आणि दोघींपैकी एकीलाच काही मिळणार अशी वेळ लेखिकेने त्यांच्यावर येऊ दिलेली नाही. एकीला बिंग्ली, एकीला डार्सी, दोघींना मोठाली घरं. त्यांची माया खरी आहे, पण तिची परीक्षा झालेली नाही.

कृष्णाकाठ

हम्म. यावर मी अजून भांडू शकतो पण चांगलं सांगितलंत. जेनला सर्दी झाली तर एलिझाबेथ तीन मैल चिखल तुडवत जाते, ते मी परीक्षेतच धरतो.

रानजाई

ते मीही धरते :)

पेठकर

चार दिवसांनी येतोय. ते दुसरं प्रकरण वाचून काढलं, इंग्रजी जुनं आहे, बायकोला बरोबर घेऊन बसलो. कायद्याबद्दल माझं मत तेच आहे, जो म्हातारपणी बघतो त्याला जास्त मिळायला हवं, मग तो मुलगा असो की मुलगी.

पण एक गोष्ट लिहायची आहे. आमच्या बहिणीचं हक्कसोडपत्र अकरा वर्षांपूर्वी झालं. वकिलाने जिथे सही हवी तिथे पानांवर पेन्सिलीने फुल्या करून आणल्या होत्या, तिने फुली बघून सह्या केल्या, चष्माही लावला नव्हता. तिला मी वाचून दाखवलं नाही. मनात पाप नव्हतं, घाई होती, वकिलाला पुढे जायचं होतं. पण तिला विचारलं असं म्हणता येणार नाही. एवढंच.

सांजवात

पेठकर, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

कोकणकडा

+१

अनुस्वार

रानजाई, मूळ प्रश्नावर एक राहून गेलं. फॅनीकडे कोणी बघितलंच नाही. ती वर्षासनाविरुद्ध जे बोलते त्यातली सगळी उदाहरणं तिच्या माहेरची आहेत. बापाच्या मृत्युपत्रामुळे आईला तीन म्हाताऱ्या नोकरांना वर्षासन द्यावं लागायचं, आई सारखी म्हणायची माझं उत्पन्न माझं राहिलं नाही. हे ऐकत ती वाढली. आणि तिच्या माहेरी पुढे काय होतं? आई थोरल्या मुलावर, एडवर्ड फेरर्सवर, रागावते, कारण त्याने गरीब मुलीशी केलेला वायदा मोडला नाही, आणि त्याच्यासाठी ठरवलेली इस्टेट धाकट्या रॉबर्टच्या नावाने करून टाकते. आणि ती मुलगी, लुसी, बघता बघता रॉबर्टशीच लग्न करते! पैसा कोणाकडे आहे ते बघून माया फिरते हे फॅनीने घरातच शिकलेलं होतं.

रानजाई

हे मी वाचूनही मला दिसलं नव्हतं.

काल वहिनीला फोन केला. हक्कसोडीचं काही नाही, म्हटलं आईचं नाव घातलेलं ते पितळी पातेलं मला हवंय, नारळीभाताचं. मधुमालतींनी भांड्यांचं लिहिल्यापासून डोळ्यासमोरून जात नव्हतं. मला वाटलं ती कचरेल. ती म्हणाली अहो ताई, घेऊन जा ना, घासून ठेवते. मग थोडं थांबून म्हणाली, माझ्या आईचं असलंच एक आहे माहेरी, माळ्यावर, मी सही करून आले त्या दिवशी मागायचं मनात होतं पण भावजय समोर उभी होती, नाही मागितलं.

इतकी वर्षं झाली, तिनेही तिकडे सही केलीय हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कधी.

पुढच्या महिन्यात मी जातेय पातेलं आणायला. तिचं माहेर वाटेवरच आहे, तिला म्हटलं आपण दोघी जाऊ.